राजानंद ड्रेपरीवाल्याची शेपटी

जळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आमच्या नाटकधंद्यात तर मत्सर हा मेकअपच्या पेटीतलाच एक रंग. तो लावल्याशिवाय कोणी एंट्री घेत नाही. पण स्वतःसाठी न जळता, शिवलेल्या कपड्याच्या वतीनं जळणारा माणूस मी एकच पाहिला. त्याचं नाव राजानंद. जुन्या जालन्यात त्याचं दुकान आहे. नाटकाचे, गॅदरिंगचे पोशाख तो भाड्यानं देतो. आमच्या भाषेत ड्रेपरीवाला.

तो आमच्या कंपनीत शिंपी म्हणून आला तेव्हा मी राजे, खलनायक आणि अडीअडचणीला एखादी सासूसुद्धा करत असे. प्रयोग संपला की नट विचारतात, "मी कसा झालो?" राजानंद विचारायचा, "जांभळा शेला दिसला का?" एकदा परभणीला माझ्या मरणाच्या प्रसंगाला कडकडून टाळी पडली. मी डोळे मिटून, सुखानं मरून पडलो होतो. पडदा पडताच राजानंद माझ्या छातीवर वाकला. मला वाटलं, गडी गहिवरला. तर तो कानात म्हणाला, "दादा, कुशीवर पडायचं व्हतं. शेल्याची समदी जर खाली दबून गेली."

पुढं कंपनी बंद पडली. मी घरी बसलो, त्यानं दुकान टाकलं. मुकुट, दाढ्या, ढाली, मावळ्यांचे अंगरखे. कितीतरी वर्षं जिल्ह्यातलं एकही गॅदरिंग राजानंदच्या ट्रंकेवाचून उभं राहिलं नाही. मग त्याच्या दुकानात बेबीनंदा शिवण शिकायला आली.

बेबीनंदा अंकुशनगरची. नवरा साखर कारखान्यात कामाला. ती राजानंदला उस्ताद म्हणायची आणि खरोखर उस्तादासारखं मानायची. हात तयार झाला तसं तिनं तीर्थपुरीत स्वतःचं दुकान थाटलं. ब्लाउज, शाळेचे गणवेश आणि हळूहळू गॅदरिंगचे पोशाखही. घनसावंगी, अंबड, अंकुशनगर, त्या बाजूच्या शाळा एकामागून एक तिच्याकडं वळल्या. ती मखमल वापरत नसे. ठिबक सिंचनाच्या जुन्या नळ्या, शेडनेटची जाळी, खताच्या पिशव्या असलं काहीबाही घेऊन ती मोर करायची, आणि तो मोर नाचायचाही.

शाळा तिकडं वळल्या तेव्हापासून राजानंदनं तिचं नाव टाकलं. "ती तीर्थपुरीवाली," एवढंच. पण बदनापूरला लग्नाला जातो असं घरी सांगून निघालेला हा माणूस तीर्थपुरीच्या बसमध्ये सापडायचा. तिच्या दुकानासमोर उतरायचं नाही. बस उभी असेपर्यंत खिडकीतून तिथं काय टांगलंय ते बघायचं आणि तसंच पुढं जायचं.

"काय टांगलं होतं?" मी विचारायचो.

"कचरा," तो म्हणायचा. मग कात्री उचलत, "पर दादा, कचऱ्याला बाही बराबर लावली व्हती."

मागच्या वर्षी थंडीच्या तोंडाला मी त्याच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. सुरेखाताई आल्या. तीर्थपुरीच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवतात. विज्ञान नाट्य स्पर्धेला त्यांना नाटक न्यायचं होतं. विषय ठरलेला होता, परक्या मुलखातून येऊन पसरणारे जीव.

"गाजर गवत," राजानंद लगेच म्हणाला. "हिरवा डगला, डोक्यावर पांढरी फुलं. तयार आहे माझ्याकडं."

"काका, गाजर गवत सगळ्याच शाळा करणार. आम्ही समुद्रपिचकारी करतोय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सुरेखाताईंनी मग समजावून सांगितलं. समुद्रात खडकाला, दोरखंडाला, जहाजाच्या तळाला चिकटून राहणारा हा जीव. दिसायला पिशवी. पिशवीला दोन तोंडं, एकातून पाणी आत घ्यायचं, त्यातलं अन्न गाळायचं आणि दुसऱ्यातून पाणी बाहेर सोडायचं. दाबली की पिचकारी मारते, म्हणून ते नाव. कॉलेजात त्यांनी तिच्या आकृत्या काढून काढून पेन्सिली संपवल्या होत्या. समुद्र मात्र त्यांनी लग्नानंतर पाहिला.

"आन् हे खलनायक?" राजानंदनं विचारलं.

"आपल्या मुलखात नाही. पण जहाजाला चिकटून परक्या बंदरात गेली की तिला खाणारं तिथं कोणी नसतं. मग ती पसरते. शिंपले, कालवं सगळ्यांवर चादर टाकल्यासारखी. त्यांना खायला मिळत नाही, श्वास मिळत नाही. कोळी खरवडून काढतात आणि तुकडे पाण्यात फेकतात. काही जातींत त्या तुकड्यांचीच पुन्हा नवी वाढ होते."

राजानंद हातातलं काम ठेवून ऐकत होता. मला त्याचा चेहरा ओळखीचा वाटला.

"चिकटते, खाते, पसरते," तो हळूच म्हणाला. "वळखतो मी हिला. तीर्थपुरीतच ऱ्हाती."

सुरेखाताईंना ते कळलं नाही. त्या उत्साहानं पुढं म्हणाल्या, "आणि गंमत सांगू का काका? तिचं वरचं आवरण असतं ना, त्यात कापसात असतो तसलाच पदार्थ असतो. ती तो स्वतःच्या अंगात तयार करते. प्राण्यांत असं दुसरं कोणी करत नाही."

"म्हंजे सोताचा अंगरखा सोताच करती?"

"हो."

"शिंपी न्हाई, माप न्हाई, काही न्हाई?"

"काही नाही."

राजानंदनं मान हलवली. एका समुद्री पिशवीचा हेवा करणारा माणूस मी त्या दिवशी पाहिला.

त्यानं पोशाख शिवायला घेतला. मला बोलावून दाखवला तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो. जुन्या सरदाराच्या लाल मखमलीची पिशवी, वर टिकल्या, दोन तोंडांना जरीची किनार, मधोमध वटारलेले डोळे आणि त्याखाली मिशा. खलनायक म्हटला की डोळे आणि मिशा, हे आमच्या कंपनीचं शास्त्र.

सुरेखाताई तो बघून गोड हसल्या. "काका, हिला डोळे नसतात."

"डोळे न्हाईत? मंग पब्लिकनं बघायचं कुठं?"

"आणि मिशा तर…"

"मिशा काढतो. डोळे ऱ्हाऊ द्या."

डोळेही गेले. पण खरा घाव पुढं होता. सुरेखाताईंनी बेबीनंदालाही विचारलं होतं. तीर्थपुरीच्या शाळेत तालमीला मला उच्चार बघायला बोलावलं होतं, तिथं मी बेबीनंदाचं जनावर पाहिलं. पांढऱ्या शेडनेटचे थरावर थर, आत ठिबकच्या नळ्यांच्या कड्या. माणसाच्या उंचीचं पोतं, मंचावर जहाजाच्या तळाच्या रंगवलेल्या फळीला टांगलेलं, बूड जमिनीला टेकलेलं. समोर एक फट. वर दोन तोंडं, आणि ती उघडझाप करायची. उजेड पडला की आतली सावली हलायची. जिवंत वाटायचं. मी टाळी वाजवली. नंतर मनात आलं, हे राजानंदला कळता कामा नये.

त्याला कळलं. सुरेखाताईंनी बेबीनंदाचं पोतं घेतलं, आणि राजानंदचं मन राखायला म्हणून त्याला पिल्लाचा पोशाख दिला.

"पिल्लू म्हंजे?" त्यानं विचारलं.

"काका, ही जन्मते तेव्हा पिशवी नसते. बेडकाच्या पिल्लासारखी असते. लांब शेपटी, तिच्या आत कण्यासारखी दांडी, आपल्या कण्याचीच ती लांबची नातेवाईक. उजेड कळणारा डोळ्याचा ठिपकासुद्धा असतो."

"डोळा हाय!" राजानंद खुलला.

"हो. ते पिल्लू काही खात नाही, थोडा वेळ फक्त पोहतं आणि राहायला जागा शोधतं. जागा मिळाली की डोकं टेकवून चिकटतं, आणि मग शेपटी, ती दांडी, डोळा, सगळं स्वतःच्याच अंगात जिरवून टाकतं. उरते ती पिशवी."

राजानंदच्या ध्यानात यायला वेळ लागला. मग तो उभाच राहिला.

"म्हंजे माझा ड्रेस त्या तीर्थपुरीवालीच्या पोत्यात जिरनार?"

"नाटकात, काका."

"मी नाटकातच बोलून राह्यलो!"

नाही म्हणेल असं मला वाटलं. पण त्यानं शेपटी शिवली, आणि अशी शिवली की कंपनीच्या भरभराटीच्या दिवसांतही त्यानं तसं काही केलं नव्हतं. पातळ रेशमी कापडाची लांबच लांब नळी, कडेला झुळझुळती झालर, आतून निळ्या धाग्यांचं भरतकाम, हललं की पाण्यासारखं चमकणारं. आत दांडीच्या जागी गुळगुळीत वेताची अख्खी काठी. पिल्लाची भूमिका चिन्मयी करत होती, आठवीतली मुलगी, शीर्षासनात पटाईत. शेपटी कमरेला बांधून ती मंचावर पोहत आली की तालमीतल्या पोरी आपापले संवाद विसरायच्या.

पण आत जिरायची वेळ आली की घोटाळा. चिन्मयीनं पोत्याच्या फटीसमोर शीर्षासन करायचं. शेपटीच्या टोकाला दोरी, ती आतून ओढायची, शेपटी वाकून फटीत शिरायची आणि मागोमाग चिन्मयीनं आत घरंगळायचं. वेताची काठी वाकेना. दोरी ओढली की पोरगीच कलंडायची.

बेबीनंदा पोत्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "उस्ताद, वेत काढा."

शेपटी घेऊन तालमीला आलेला राजानंद माझ्याकडं वळला. "दादा, त्या बाईला सांगा, शेपटीत कणा असतो. तिच्या मॅडमनीच सांगितलंय."

"कणा असतो काका," सुरेखाताई म्हणाल्या, "पण तो विरघळतो."

"कणा विरघळनारं जनावर! असले नट बघितलेत मी. जनावर पयल्यांदाच."

"उस्ताद," बेबीनंदा शांतपणे म्हणाली, "राग माझ्यावर हाय, तर मला बोला ना. पोरीला कामून उलटं टांगता?"

मग त्याचा बांध फुटला. माझ्याकडं न बघता तो थेट तिच्यावर तुटून पडला. "तू बी तशीच. माझ्या जहाजाला चिकटून आली. माझीच कात्री धरून शिकली, आन् माझ्याच शाळांवर चादर टाकली!"

बेबीनंदा पोत्यातून पुरती बाहेर आली. तिच्या केसांत शेडनेटचे धागे अडकले होते.

"चिकटले, बराबर हाय. पर उस्ताद, मॅडमला इचारा. जे जहाज चालू असतं त्याला हे जनावर कमी चिकटतं. जे बांधून ठेवलेलं असतं त्यालाच जास्ती. तुमचं जहाज कधीपासून बांधलेलंय? शाळावाल्यांनी नवं मागितलं की तुम्ही म्हनायचे, मावळ्याचा अंगरखा न्या. मंग मी काय करू, बुडून जाऊ?"

राजानंद कात्री-दोऱ्याची पिशवी उचलून बसस्टँडकडं निघाला. मी सोबत चालत होतो. स्टँड दिसू लागल्यावर तो म्हणाला, "बोलायला बी माझ्याकडंच शिकली. आधी तोंडातून शब्द निघत नव्हता तिच्या." त्याचाही त्याला हेवा वाटत होता.

सुरेखाताईंना त्यानं शब्द दिला की वेत काढतो. स्पर्धा जालन्यात होती. त्या सकाळी विंगेत त्यांनी शेपटी हातात घेतली, वाकवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. काठी आत होती तशीच होती. वर शिवण इतकी पक्की घातलेली की उसवायला बसलं तर प्रयोगाची वेळ निघून जावी.

"काका, हे काय केलंत?"

राजानंद जमिनीकडं बघत म्हणाला, "काढू काढू म्हनलं. हात धजला न्हाई. काठी काढली की लुळी पडती वो शेपटी, चिंध्या दिसती."

खरं काय ते मला माहीत होतं. शेपटी फटीत अडकावी आणि सगळ्या लोकांसमोर तशीच उभी राहावी, एवढंच त्याला हवं होतं. दोन मिनिटांत नाहीसं होण्यासाठी तो आयुष्यात कधी शिवला नव्हता.

सुरेखाताई शेतकऱ्याची लेक. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तुम्हीच आत बसा. मोठ्यांनी मंचावर दिसायचं नाही एवढाच नियम आहे. बेबीनंदाताई आत पिचकारीचा पंप मारणार आहेत. दोरी तुम्ही ओढा. तुमची शेपटी तुम्हालाच आत घ्यायचीय."

"तिच्या पोत्यात? मी?"

"जल्दी करा काका. पुढचा नंबर आपला."

मी प्रेक्षकांत जाऊन बसलो. पोत्यात पुढं काय झालं ते नंतर मला दोघांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच की प्रत्येकाच्या मते दुसऱ्यानं जागा जास्त अडवली होती. उस्ताद आणि चेली गुडघ्याला गुडघा लावून अंधारात बसलेली. तिच्या पाठीवर फवारणीचा पंप, त्याच्या हातात दोरी.

पडदा उघडला. जहाजाचा तळ, निळा उजेड. चिन्मयी पोहत आली आणि सभागृहातून "हाय!" असा आवाज उठला. माझ्यामागची एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय शेपटी केलीय बाई!" मी तर थेटरातली सगळी पापं विसरलो. ती झालर, ते निळे धागे. पिल्लू या खडकाशी गेलं, त्या दोरखंडाशी गेलं, जागा आवडेना. शेवटी जहाजाशी आलं, डोकं टेकलं, आणि शेपटी वर उभी राहिली.

दोरी ताणली गेली. टोक वाकलं, फटीपर्यंत आलं आणि अडलं. शेपटी धनुष्यासारखी ताणून उभी. चिन्मयीचे पाय थरथरायला लागले. तरी ती पोरगी तशीच डोक्यावर उभी होती.

मला आतलं दिसत नव्हतं. पण मला राजानंद माहीत होता. बाहेर कुजबुज चालली होती आणि ती सगळी त्याच्या शिवणकामाविषयी होती. हवं ते त्याच्या हातात आलं होतं. फक्त काही करायचं नाही, एवढंच करायचं होतं.

आत बेबीनंदा हळू आवाजात म्हणाली, "उस्ताद, लोक बघून राह्यलेत. बघू द्या जरासं."

हे तिनं म्हटलं, हे राजानंदनं मला स्वतःहून सांगितलं. तो म्हणाला, "दादा, ती मला घाई करंल असं वाटलं व्हतं. ती म्हनली, बघू द्या. तिला बी ती शेपटी आवडली व्हती. ती बी जळून राह्यली व्हती, अंधारात बराबर कळलं मला."

मग चिन्मयीचा एक पाय कलला, आणि बेबीनंदा म्हणाली, "बस. मोडा आता. पोरीची मान हाय."

काड्! सभागृहात आवाज आला. आत आलेलं टोक त्यानं गुडघ्यावर घेऊन मोडलं होतं. काड्! पुन्हा. काड्! जे हातात येईल ते मोडत, दोन्ही हातांनी ओढत, त्यानं आपली शेपटी तसूतसूनं आत घेतली. नेमकं त्याच वेळी व्होल्टेज घसरलं आणि निळा उजेड मंदावला. शेपटीची शेवटची झालर फटीत दिसेनाशी झाली, मागोमाग चिन्मयी आत घरंगळली, आणि उजेड परत आला तेव्हा तिथं दोन तोंडांची पिशवी होती, बाकी काही नाही. मग पिशवीनं पहिल्या रांगेवर पाण्याची पिचकारी मारली आणि एकच कल्लोळ झाला.

पुढचं नाटकही चांगलं झालं. पिशवीला पिशव्या फुटल्या, शिंपल्या झालेल्या पोरींवर पांढरी चादर चढत गेली, कोळ्यांनी तुकडे पाण्यात भिरकावले आणि प्रत्येक तुकडा उठून उभा राहिला. पण लोक बोलत होते ते शेपटीबद्दल.

निकालाआधी परीक्षक बोलायला उठले. राजानंद ओल्या शर्टानं माझ्या शेजारी येऊन बसला होता. मोडक्या काठीची रेशमी गुंडाळी मांडीवर. पुढच्या रांगेत बेबीनंदा.

"तीर्थपुरीच्या नाटकात," परीक्षक म्हणाले, "शेपटी विरघळण्याचा क्षण अविस्मरणीय. तो मोडल्याचा ध्वनी, आणि विशेषतः ती प्रकाशयोजना! केवळ उजेडाच्या बळावर शेपटी नाहीशी करणं, हे मोठ्या रंगभूमीलाही शिकण्यासारखं आहे."

राजानंद ताडकन उभा राहिला. बेबीनंदानं मागं वळून पाहिलं.

"लाइट?" तो म्हणाला.

"कसली लाइट?" ती म्हणाली.

मी दोघांना खाली बसवायचा प्रयत्न केला. नाटकाला दुसरा नंबर मिळाला. विभागीय फेरीला जायचं नक्की झालं, सुरेखाताई आणि चिन्मयी ढाल घेऊन फोटोला उभ्या राहिल्या. तेवढ्यात ही दोघं परीक्षकांसमोर पोचलीसुद्धा.

"साहेब, ती लाइट नव्हती. व्होल्टेज गेलं व्हतं," बेबीनंदा म्हणाली.

"शेपटी मी मोडली," राजानंद म्हणाला आणि त्यानं गुंडाळी उघडून दाखवली. "हे बघा. खरी हाय."

परीक्षकांनी झालर बोटांत धरली. "अरे वा! हे तुम्ही दोघांनी मिळून केलंत?"

"न्हाई, न्हाई," दोघं एकदमच म्हणाली.

"शेपटी माझी," राजानंद म्हणाला.

"पर पोतं माझं," बेबीनंदा म्हणाली. "पोतं नसतं तर गेली असती कुठं?"

"शेपटी नसती तर पोत्यात घातलं काय असतं?"

परीक्षक हसून निघून गेले. दोघं तिथंच उभी. एवढ्यात सभागृहाचा लाइटवाला वायर गुंडाळत आला. गडी खुशीत होता, शीळ घालत होता. एक जण त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय लाइट दिली राव!" आणि त्यानं ती थाप खुशाल घेतली. मग राजानंदला म्हणाला, "काका, जरा सरका."

राजानंद सरकला. पाठमोऱ्या लाइटवाल्याकडं तो बघत राहिला. तीर्थपुरीच्या बसच्या खिडकीतून बघायचा तसा.

"ह्याला कुनी शिकवलं गं?" त्यानं विचारलं.

"कुनास ठाऊक उस्ताद," बेबीनंदा पदर खोचत म्हणाली. "तोंडावरूनच आगाव दिसून राह्यलाय."